काळजातला जंत आणि न झालेली लस

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



विज्ञानाच्या विषयावर बोलण्यासाठी मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे विज्ञानाचे शिक्षक समोर पहिल्याच रांगेत बसले आहेत. माझे कोठे चुकले तर ते मला सोडणार नाहीत याची मला खात्री आहे. परंतु हा विषय मी होऊन निवडलेला नाही. माझ्या वर्गातील एका मुलाने तो माझ्या गळ्यात घातला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतील हा मुलगा दिवाळीची सुटी संपून दहा दिवस झाले तरी शाळेत आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. वाडीच्या खालच्या अंगाला भातखाचरे, वर घर आणि घराला लागून गोठा. गोठ्यात एकुलती एक दुभती म्हैस उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती खंगली होती आणि जबड्याखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबत होती. मुलाचे वडील म्हणाले, "मास्तर, घटसर्प म्हणावा तर घटसर्पाचे जनावर दोन दिवसांत जाते. हिला महिना झाला. कोण काय सांगतो, कोण काय. आम्ही सगळे करून बघितले."

तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी सुजेवर बोट दाबले. कणकेत उमटावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. ताप नव्हता. पापणी उलटून पाहिली तर आतला रंग कागदासारखा पांढरा. शेण तपासायला नेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की शेणात सोनेरी पिवळ्या अंड्यांचा खच आहे. हा यकृतकृमीचा, म्हणजे काळजातल्या चपट्या जंताचा रोग. औषध दिले, पण उशीर झाला होता. आठवड्याच्या आत म्हैस गेली.

दूध बंद झाले, तसे दुधाचे पैसेही बंद झाले. त्या पोराला मुंबईला मामाकडे कामाला धाडण्याचे घरात ठरत आले होते. सुदैवाने ते टळले. तो शाळेत परत आला आणि एके दिवशी मधल्या सुटीत त्याने मला विचारले, "सर, घटसर्पाची लस आहे, फऱ्याची आहे, लाळ-खुरकुताची आहे. मग याची का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. शिक्षकाने "मला माहीत नाही" म्हणावे, पण तेथेच थांबू नये, असे मी मानतो. म्हणून वाचू लागलो, डॉक्टरांना विचारू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा जंत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. कुर्बानीच्या वेळी किंवा खाटकाच्या दुकानात कलेजी कापताना पित्ताच्या नळीतून झाडाच्या पानासारखे चपटे, करडे-तपकिरी काहीतरी बाहेर येते, तोच हा. थंड प्रदेशात आढळणारी याची जात इंच-सव्वा इंच लांबीची असते, तिला फॅसिओला हेपॅटिका म्हणतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील जात फॅसिओला जायगँटिका, नावाप्रमाणेच मोठी, कधीकधी सात सेंटीमीटरच्याही वर. अशी कलेजी पाहून घरातील बायामुले घाबरतात, म्हणून येथेच सांगून टाकतो की शिजवलेली कलेजी खाऊन हा रोग माणसाला होत नाही. जंत असलेला भाग खाटीक काढून टाकतो ते योग्यच आहे. माणसाला हा रोग होतो तो पाण्याकाठच्या कच्च्या पाल्यातून किंवा दूषित पाण्यातून. इराणच्या गिलान प्रांतात १९८९ च्या सुमारास हजारो माणसांना त्याची बाधा झाली होती. ईजिप्तमधील नाईलचा त्रिभुज प्रदेश आणि बोलिव्हियाचे पठार येथेही तो माणसांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात निदान चोवीस लाख माणसे बाधित आहेत.

आता याचा प्रवास पाहू. तो समजल्याशिवाय लसीची अडचण समजणार नाही.

म्हशीच्या पित्तनलिकांत बसलेला एकेक जंत दिवसाला हजारो अंडी घालतो. ही अंडी पित्तातून आतड्यात आणि शेणातून बाहेर येतात. शेण पाण्यात पडले की दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून डोळ्यांना न दिसणारा, केसाळ, पोहणारा जीव निघतो. एका दिवसाच्या आत त्याला गोड्या पाण्यातील एका विशिष्ट जातीची गोगलगाय, लिम्निया कुळातील शंखी, सापडली पाहिजे. नाही सापडली तर तो मेला. सापडली तर तिच्या अंगात शिरून तो स्वतःच्या शेकडो प्रती काढतो. आमच्या शाळेतील झेरॉक्सचे यंत्रसुद्धा इतके इमानाने चालत नाही! मग ही शेकडो शेपटीवाली पिल्ले गोगलगाईतून बाहेर पडून गवताच्या नाहीतर भाताच्या बुंध्याला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कठीण कोश विणून वाट पाहतात. म्हैस तो चारा खाते.

पुढचा भाग वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आतड्यात कोश फुटतो आणि पिल्लू काही तासांतच आतड्याची भिंत भोसकून पोटाच्या पोकळीत उतरते. तेथून ते यकृत गाठते, त्याचे आवरण फोडते आणि कित्येक आठवडे यकृत पोखरत, रक्त पीत हिंडते. मेंढीने एकाच वेळी पुष्कळ कोश खाल्ले तर या अवस्थेतच यकृतात रक्तस्राव होऊन ती पटकन मरते. म्हैस टिकून राहते, आणि तीन-चार महिन्यांनी जंत पित्तनलिकेत पोचून मोठे होतात. रक्त कमी होते, रक्तातील प्रथिने कमी होतात आणि जबड्याखाली पाणी साठते. ती सूज ती हीच. पावसाळ्यात खाल्लेले विष हिवाळ्यात दिसते. म्हणूनच म्हशीचे वडीलधारे मालकही कारण चुकीच्या ठिकाणी शोधतात. अबू बक्र अर-राझी या थोर हकिमांनी हजार वर्षांपूर्वी देवी आणि गोवर हे एकसारखे दिसणारे रोग वेगळे ओळखून त्यांवर ग्रंथ लिहिला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. घटसर्पाची गरम, तापाची, झपाट्याने मारणारी सूज आणि ही थंड, मऊ, महिनाभर लोंबणारी सूज यांतील फरक आपल्या गोठ्यात आपल्याला ओळखता येऊ नये, हे मात्र बरे नव्हे.

हा प्रवास माणसाने कसा शोधला, तीही हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८७९-८० च्या ओल्या वर्षांत इंग्लंडमध्ये या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या. तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने शोधाचे काम ऑक्सफर्डच्या अल्जरनॉन टॉमस या तरुणाकडे सोपवले, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याचा संशय एका लहानशा गोगलगाईवर होता, पण प्रयोगापुरत्या गोगलगाईच त्याला मिळेनात. १८८२ च्या जुलैत नदीला पूर आला आणि पुराबरोबर त्या ढिगाने कुरणात आल्या. त्याच सुमारास जर्मनीत लॉयकार्ट हे नामांकित प्राध्यापक स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. आणि जनावर कोश खाऊनच बाधित होते, हे पुढे दहा वर्षांनी ब्राझीलच्या आडोल्फो लुट्झ यांनी हवाई बेटांवर सिद्ध केले. आपल्या देशातील गुराढोरांच्या जंतांची पद्धतशीर यादी डॉ. भालेराव यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली.

गोगलगाईतून पसरणारे चपटे जंत आपल्या कोकणाला नवे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी माणसांच्या लघवीतून रक्त जाण्याचा जो रोग होता, तो या जंताच्या एका चुलतभावामुळे होता. डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनी १९५२ साली तो उजेडात आणला आणि भारतात असा रोग नाही हा समज खोटा ठरला. आपल्या मुलांना हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. लस का नाही?

कोरोनाची लस एका वर्षात झाली, मग ही शंभर वर्षांत का नाही, असे कोणीही विचारील. कोरोनाच्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा. यकृतकृमीचा मजकूर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सुमारे १३० कोटी अक्षरांचा! पहिले एक पोस्टकार्ड धरले तर दुसऱ्याला कपाटेच्या कपाटे लागतील. विषाणूच्या अंगावरचे एक ठळक प्रथिन ओळखायला शरीराला शिकवले की काम बरेचसे होते. येथे शत्रू म्हणजे तोंड, आतडे, स्नायू असलेला पुरा प्राणी आहे आणि गोगलगाईत, आतड्यात, यकृतात, पित्तात तो प्रत्येक ठिकाणी वेगळे रूप घेतो.

त्यातही हा जंत मोठा धूर्त. त्याच्या अंगावर साखरेसारख्या द्रव्यांचा एक लेप असतो. जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यावर येऊन चिकटली की तो लेप झटकून टाकतो आणि नवा चढवतो. मांस विरघळवण्यासाठी तो जी एन्झाइमे सोडतो, तीच एन्झाइमे प्रतिपिंडांचेही तुकडे करतात. शिवाय तो अशी द्रव्ये पाझरतो की जनावराची प्रतिकारशक्ती भलत्याच दिशेला वळते. एकदा गोवर आलेल्या मुलाला सहसा पुन्हा गोवर येत नाही. मेंढीला मात्र हा जंत दहादा झाला तरी ती अकराव्यांदा तितकीच उघडी असते. जेथे निसर्गानेच प्रतिकार शिकवलेला नाही, तेथे लस कोणाची नक्कल करणार?

तरीही शास्त्रज्ञांनी हात टेकले नाहीत. पहिला मार्ग किरणांचा. गुरांच्या फुफ्फुसातील जंतांची पिल्ले किरणांनी दुबळी करून ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात लस तयार केली आणि ती बाजारातही आली. आपल्याकडे काश्मीरच्या मेंढ्यांसाठीही याच पद्धतीने लस झाली होती. मग पूर्व आफ्रिकेत बिटाकारामिरे यांनी गुरांना यकृतकृमीचे किरण दिलेले कोश चारले आणि चांगले संरक्षण मिळाल्याचे १९७३ मध्ये नोंदवले. पण असे कोश गोगलगाई पाळून मिळवायचे, जिवंत ठेवायचे आणि खेड्यापाड्यांत पोचवायचे, हे कोणाला जमणार? तो मार्ग प्रयोगशाळेतच राहिला.

दुसरा मार्ग म्हणजे जंताची नेमकी हत्यारेच ओळखायची आणि जनावराला ती ओळखायला शिकवायची. ऑस्ट्रेलियात १९९० साली जंताच्या एका एन्झाइमाची लस मेंढ्यांना टोचल्यावर जंतांची संख्या सुमारे ५७ टक्क्यांनी घटली. आयर्लंडचे जॉन डाल्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये मांस विरघळवणारे ते एन्झाइम आणि जंताचेच हिमोग्लोबिन मिळून गाईंना टोचले, तेव्हा ७२ टक्क्यांची घट दिसली. उरलेल्या जंतांची बरीच अंडीही वांझ निघाली. आणि १९९९ मध्ये उरुग्वेच्या शास्त्रज्ञांनी ल्युसिन ॲमिनोपेप्टिडेज नावाच्या एन्झाइमाची लस मेंढ्यांना दिली, तेव्हा तब्बल ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाले! येथे आल्यावर मला वाटले, झाले, पोराच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

पण आपली जनावरे उरुग्वेच्या मेंढ्या नव्हेत. आपल्याकडे म्हशी आहेत आणि जंताची जातही दुसरी. बरेलीजवळ इज्जतनगरला आपली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी मेद वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाची लस म्हशींना देऊन पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जंत सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. मग त्यांनी तेच नावाजलेले ल्युसिन ॲमिनोपेप्टिडेज आपल्या जंतातून घेऊन म्हशींना टोचले. २०११ मध्ये निकाल छापला गेला : संरक्षण नाही. त्यांनी ते लपवून ठेवले नाही, स्पष्ट शब्दांत प्रसिद्ध केले. मला या अपयशाच्या निबंधाबद्दल यशाच्या निबंधांपेक्षा अधिक आदर वाटला. कारण पुढच्या माणसाची वर्षे त्याने वाचवली.

युरोपातही अनेक देशांनी मिळून मोठे प्रकल्प केले. एका प्रयोगात साठ टक्के, तोच प्रयोग पुन्हा करावा तर वीस टक्के, कधी शून्य. बकरीत एक, मेंढीत दुसरे, गाईत तिसरे. प्रयोगशाळेत शुद्ध करून जंतातून काढलेले द्रव्य चालते आणि तेच जिवाणूंकडून कारखान्यात बनवून घेतले की कधीकधी त्याची घडी बदलते आणि चालत नाही. शिवाय व्यवहार आहेच. या रोगाने जगात दरवर्षी अब्जावधी रुपयांचे नुकसान होते खरे, पण ते नुकसान कोट्यवधी गरीब गोठ्यांत विखुरलेले असते. विखुरलेल्या दुःखाला बाजारात भाव नसतो, असे मला वाटते. आजमितीस जगात कोठेही यकृतकृमीची लस बाजारात मिळत नाही.

मग आशा नाहीच का? तसेही नाही. मेंढीच्या पोटातील रक्तपिपासू गोल जंतावर स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेत वर्षानुवर्षे काम झाले आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची लस विक्रीला आली. तिची कल्पना मोठी सुंदर आहे. जंताच्या अंगावरील द्रव्ये सोडून त्याच्या आतड्याच्या आतील द्रव्ये निवडली. मेंढीच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, जंत रक्त पितो आणि ते त्याच्याच पोटात जाऊन त्याला अपाय करते. मात्र ही लस वारंवार टोचावी लागते आणि आजही मेंढ्यांतून जंत गोळा करूनच बनवावी लागते. तसेच कुत्र्यांकडून मेंढ्यांना व माणसांना होणाऱ्या हायडॅटिड रोगावर मेलबर्नच्या लाइटोवलर्स यांनी मेंढ्यांसाठी लस काढली आहे, तीही चांगली लागू पडते. माणसांच्या मलेरियावरील पहिली लस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, तेव्हा तिच्या मोठ्या चाचणीत चार डोसांनंतरही रोगाचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशानेच घटले होते, तरीसुद्धा ती घेण्यासारखी ठरली. यकृतकृमीतही सगळे जंत मारावे लागत नाहीत. काही थोडे उरले तरी गाय-म्हैस दूध देते, खाते, चालते. शंभरातले ऐंशी कमी झाले तर शेतकरी जिंकला.

आणि एक धागा पूर्वेकडून येतो. इंडोनेशियातील बारीक शेपटीची देशी मेंढी आपल्या भागातल्या मोठ्या यकृतकृमीला अंगी लागूच देत नाही. पिल्ले कोवळी असतानाच तिच्या शरीरातील पेशी त्यांना घेरून मारतात. गंमत अशी की थंड प्रदेशातील लहान जातीपुढे मात्र हीच मेंढी हतबल होते. म्हणजे हा जंत मारता येतो, कोणत्यातरी जनावराला ते जमते, फक्त ती किल्ली कशी फिरते ते अजून पुरते उलगडलेले नाही. लस शोधणारे तिच्याकडे डोळे लावून आहेत.

तोपर्यंत औषधांवर भिस्त. ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध १९८३ पासून वापरात आले. ते कोवळ्या जंतांनाही मारते, हा त्याचा मोठा गुण. पण १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून पहिली बातमी आली की जंत त्याला दाद देईनासे झाले आहेत. मग आयर्लंड, स्कॉटलंड, हॉलंड अशी यादी वाढत गेली. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्या जंतांवर चालते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून बाटली आणून पाजणे म्हणजे पैसे आणि औषध दोन्हींची नासाडी. शेण आधी तपासा, मग औषध.

त्या इंडोनेशियातच एक साधा उपाय करून पाहण्यात आला. तेथील शास्त्रज्ञ सुहारडोनो यांनी गोठ्याशेजारी थोडी बदके ठेवली आणि त्यांची विष्ठा शेणाबरोबर भातखाचरात सोडली. बदकांच्या पोटातील एका निरुपद्रवी जंताची पिल्लेही त्याच गोगलगाईत शिरतात आणि आत यकृतकृमीची पिल्ले असली तर त्यांना खाऊन टाकतात. काट्याने काटा! दुसरे त्यांनी सांगितले ते असे की कोश भाताच्या बुंध्याशी, पाण्यात बुडणाऱ्या वीतभर भागात अधिक असतात, म्हणून ओला बुंधा जनावराला घालू नये, वरचा पेंढा कापून चांगला उन्हात वाळवून घालावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात नवी म्हैस आली. त्याने वडिलांना हे सगळे सांगितले. वडिलांनी बदकांची कल्पना हसण्यावारी नेली, पण बाकीचे ऐकले. म्हैस आता खाचरातल्या डबक्याचे पाणी पीत नाही, विहिरीवरून ड्रमात पाणी भरले जाते. पेंढा खालून वीतभर तोडून टाकतात. ओले शेण बांधाच्या खाली न टाकता वरच्या खड्ड्यात जाते. पाऊस संपल्यावर मुलाने आगपेटीएवढ्या डबीत शेण घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी त्यालाच सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. या वेळी सोनेरी अंडी दिसली नाहीत. पण पावसाळ्यात शिरलेला जंत अंडी घालायला तीन-चार महिने घेतो, त्यामुळे डॉक्टरांनी त्याला जानेवारीत पुन्हा बोलावले आहे.